‘मॅडम, मी तुमचाच माणूस’

कोथरूडमधला टू बीएचके घेतला त्याला आता सव्वा वर्ष होईल. फ्लॅटबद्दल तक्रार नाही. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, पाण्याची ओरड नाही, लिफ्ट तेवढी महिन्यातून एकदा रुसते. तक्रार आहे ती माझ्याच तोंडाबद्दल.

ब्रोकरकाका साठीच्या घरातले. स्कूटरच्या डिकीत चाव्यांचा हा एवढा जुडगा, प्रत्येक चावीला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने इमारतीचं नाव. माझ्यासाठी त्यांनी भर उन्हात चार-चार जिने चढले. ‘मॅडम, मी तुमचाच माणूस,’ हे पालुपद. तिसऱ्या रविवारी रसवंतीत बसलो असताना त्यांनी अगदी सहज विचारलं, ‘आवडलाच समजा, तर कुठपर्यंत ताणाल? मालकाशी बोलायला मला बरं पडतं.’ मी सांगून मोकळी! ‘सुरुवात ऐंशीने करा. पण फारच झालं तर पंचाऐंशी.’

मालक ८८ लाखांवर अडून होते. आठवडाभर फोनाफोनी झाली आणि शेवटी ८४ लाख ५० हजारांना ठरलं. पन्नास हजार वाचवले म्हणून मी घरी पेढे आणले.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आमचा नंबर यायला दोन तास लागले. मालक शेजारच्याच खुर्चीत. निवृत्त, गप्पिष्ट, मनाने सरळ. बोलता बोलता म्हणाले, ‘आम्ही ब्याऐंशीलाही सोडला असता हो. पण आपले काका म्हणाले, थोडं धरून ठेवा, पार्टी पंचाऐंशीपर्यंत येतेय.’ ‘आपले काका’! तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. अंगठा झाला, कॅमेऱ्याकडे बघा झालं. दस्तावर छापलेला माझा तो फोटो अजून फायलीत आहे. नवरा तो पाहुण्यांना काढून दाखवतो.

घरी येऊन मी हिशोब मांडला. दलाली दोन्हीकडून एकेक टक्का, म्हणजे माझे ८४,५००, मालकांचे ८४,५००. ब्याऐंशीला ठरलं असतं तर काकांचे दोन्ही मिळून फक्त पाच हजार कमी झाले असते. माझे मात्र अडीच लाख वाचले असते, वर त्यावरची स्टॅम्प ड्युटी. पाच हजारांसाठी माणूस एवढं करेल? मला नाही वाटत. खरं कारण त्या जुडग्यात होतं. आमच्याच इमारतीच्या तीन चाव्या त्यात होत्या आणि त्यातल्या दोन याच मालकांच्या. मी आयुष्यात एकदा घर घेणार, ते मालक अजून एक विकणार. काकांनी कुणाला धरून राहावं? त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. राग येतो तो ‘तुमचाच माणूस’चा.

मग रात्री बसून रेरा कायदा वाचला, बिल्डर-एजंटांवर नियम घालणारा, २०१६ चा. त्यातली एजंटची व्याख्या गमतीची आहे: एका व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीशी व्यवहार करणारा, पण दोन अनोळखी पार्ट्यांची नुसती गाठ घालून देणाराही त्यातच. आमचे काका नक्की कुठल्या अर्ध्यात, हे त्यांना तरी ठाऊक असेल का? शिवाय त्या कायद्याचा भर नव्या, नोंदणी झालेल्या प्रकल्पांवर. आमची सोसायटी १९९४ ची. लेखी काही नव्हतंच. दलाली मी देते, म्हणजे माणूस माझा, असं मीच गृहीत धरलं होतं.

यंदा धाकट्या बहिणीने वाकडला नव्या स्कीममध्ये फ्लॅट बघायला घेतला. तिचा एजंट म्हणे, ‘ताई, तुमच्याकडून एक रुपया नको.’ ती खूष. मी म्हटलं, मग त्याचं घर कोण चालवतं? बिल्डर. अशांना आता चॅनेल पार्टनर म्हणतात. साइट ऑफिसला पहिल्याच भेटीत फॉर्मवर ‘कोणामार्फत आलात’ असा रकाना असतो. तिथे एकदा एजंटचं नाव पडलं की ते गिऱ्हाईक त्याच्या खात्यावर. मग थेट आलो म्हणून दरात काही सोडा, असं म्हणायला तोंड राहत नाही. म्हणून पुढच्या साइटला आम्ही दोघी रिक्षाने गेलो आणि तो रकाना कोरा ठेवला. सेल्सवाल्या मुलीने दोनदा विचारलं.

न्यू जर्सीतला मावसभाऊ सांगत होता, त्यांच्याकडे ऑगस्ट २०२४ पासून घर बघायला नेण्याआधीच एजंट खरेदीदाराशी लेखी करार करतो, त्यात त्याची फी किती तेही येतं. ऐकून मला त्या रसवंतीची आठवण झाली. बहिणीने मात्र एजंटला चहा पाजून सरळ विचारलं, महारेरा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा तुमचा नोंदणी नंबर काय आणि या व्यवहारात बिल्डर तुम्हाला किती देतो? नंबर त्याने लगेच पाठवला, ‘ए’ने सुरू होणारा, वेबसाइटवर जुळलाही. दुसऱ्या प्रश्नावर हसला आणि म्हणाला, ‘ताई, ते सोडा. तुमचं बजेट कुठपर्यंत आहे?’

बहीण म्हणाली, ‘ते माझ्या ताईलाच ठाऊक.’