तुम्ही विचारलंत म्हणून : ९८ टक्के साम्य म्हणजे तोच विषाणू का?

हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच वळणाने येतो. डुकरांच्या फार्मवर माद्या गाभडू लागतात, पिल्लांची मरतुक वाढते, पीसीआरमध्ये (विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) पीआरआरएस, म्हणजे डुकरांत गर्भपात आणि श्वसनाचा त्रास घडवणारा विषाणूजन्य रोग, निघतो. मग सिक्वेन्सिंग, म्हणजे विषाणूच्या आनुवंशिक मजकुराचं अक्षरन् अक्षर वाचन, होतं आणि अहवालात एक ओळ येते : ‘९८ टक्के साम्य’. लगेच विचारणा होते, म्हणजे आमचा जुनाच विषाणू ना?

९८ टक्के कशाशी? कुठल्या तुकड्यात? आणि त्या दोन नमुन्यांत काळाचं अंतर किती? ही तीन उत्तरं नसतील तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

आधी तुकडा पाहू. पीआरआरएस विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा आनुवंशिक मजकूर, सुमारे १५ हजार अक्षरांचा असतो. नेहमीच्या तपासणीत त्यातलं ओआरएफ-५ हे एकच जनुक वाचतात. विषाणूच्या टाइप-२ गटात ते साधारण ६०३ अक्षरांचं असतं, म्हणजे एकूण मजकुराचा जेमतेम ४ टक्के भाग. २ टक्के फरक म्हणजे त्यातली १२ अक्षरं वेगळी. हा विषाणू भराभर बदलतो. ओआरएफ-५ मध्ये वर्षाला ढोबळमानाने अर्धा ते एक टक्का फरक पडतो, म्हणजे तीन ते सहा अक्षरं. त्यामुळे तुलनेचा नमुना तुमच्याच फार्मवरचा, तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर १२ अक्षरांचा फरक घरच्याच विषाणूत पडू शकतो. तोच नमुना सहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर बाहेरून काहीतरी आत आल्याचा संशय घ्यायला हवा. आणि शेजारच्या फार्मवर त्याच महिन्यात सापडलेल्या विषाणूशी तुलना असेल, तर हिशेब आणखी बदलतो. तिथे दोघांचा एक सामायिक पूर्वज असतो आणि बदल दोन्ही फांद्यांवर साचत जातात. त्या १२ अक्षरांतली सहा इकडची, सहा तिकडची धरली, तर फाटा फुटून एक-दोन वर्षं झाली असतील. अशा वेळी ‘गेल्या आठवड्यात शेजारून आला’ हे म्हणणं टिकत नाही.

जिवंत लस (दुबळा केलेला जिवंत विषाणू असलेली) दिलेल्या कळपात आधी लसीच्या विषाणूशी जुळवून बघायचं. साम्य ९९.५ टक्क्यांच्या वर असेल, तर बहुधा लसीचाच विषाणू पकडला गेला आहे. पण तो नमुन्यात सापडला एवढ्यावरून माद्या त्याच्यामुळेच गाभडल्या असं ठरत नाही.

‘१-७-४’, ‘२-५-२’ असे तीन आकडी नंबर अजूनही अहवालांत भेटतात. तीन विकरं ओआरएफ-५ ला कुठे कापतात त्यावरून ते ठरतात. कापण्याच्या जागी एक अक्षर बदललं की नंबर बदलतो, आणि दूरच्या नात्यातल्या दोन विषाणूंना एकच नंबर मिळू शकतो. बोलण्यात ओळख म्हणून ठीक, नातं ठरवायला नको.

ओआरएफ-५ लाही मर्यादा आहेच. दोन विषाणू एकाच डुकरात शिरले की त्यांच्या आरएनएची सांधेजोड होऊ शकते. डेन्मार्कमध्ये २०१९ साली नर डुकरांच्या एका वीर्य-केंद्रातून पसरलेला विषाणू दोन जिवंत लसींच्या विषाणूंच्या अशाच सांधेजोडीतून तयार झालेला निघाला. एकच जनुक वाचलं असतं, तर त्या तुकड्यापुरता विषाणू एका लसीचाच वाटला असता. लक्षणं तीव्र आणि ओआरएफ-५ मात्र ओळखीचं, असं दिसलं की पूर्ण जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा आनुवंशिक मजकूर, वाचून घ्यावा.

‘पीसीआर पॉझिटिव्ह आहे, मग सिक्वेन्स का येत नाही?’ ही तक्रारही बरोबरीने येतेच. निदानाची पीसीआर शंभरेक अक्षरांचा छोटा तुकडा शोधते, तर सिक्वेन्सिंगला सहा-सातशे अक्षरांचा सलग, न तुटलेला तुकडा लागतो. नमुन्यात विषाणू किती आहे हे पीसीआरच्या सीटी आकड्यावरून कळतं. सीटी म्हणजे विषाणूची खूण दिसायला लागलेल्या पीसीआरच्या फेऱ्या, साधारण ३.३ फेऱ्या वाढल्या की विषाणू दहापट कमी. सीटी ३० च्या आत असेल तर काम बहुधा होतं, ३३ च्या पुढे बहुतेकदा वाया जातं. म्हणून ताप असलेल्या डुकराचं सीरम किंवा ताजं फुप्फुस पाठवा. दोरी चघळायला देऊन गोळा केलेली लाळ कळपात लागण आहे का हे बघायला उत्तम, पण तिच्यात आरएनए लवकर तुटतो. फॉर्मलिनमध्ये बुडवलेला तुकडा या कामाला जवळपास निरुपयोगी. हेपरिनच्या नळीतलं रक्तही नको, हेपरिन पीसीआर अडवतं.

पाच डुकरांचं सीरम एकत्र करून पाठवलं की पैसे वाचतात, पण त्यांत विषाणूचे दोन स्ट्रेन (उपप्रकार) असतील तर सिक्वेन्सिंगच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं येतात. सॉफ्टवेअर त्यातलं उंच शिखर निवडतं आणि हाती येतो तो प्रत्यक्षात कुठल्याच डुकरात नसलेला विषाणू! सिक्वेन्सिंगसाठी एकेका डुकराचा नमुना वेगळा ठेवा.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगात गणित उलटं होतं. तो डीएनए विषाणू आहे, जीनोम १ लाख ७० हजार अक्षरांच्या पुढे, आणि बदलतो अगदी सावकाश. जीनोटाइप (विषाणूचा आनुवंशिक गट) ठरवायला पी-७२ जनुकाच्या शेवटचा सुमारे ४०० अक्षरांचा भाग वाचतात. २००७ मध्ये जॉर्जियात शिरलेला जीनोटाइप-२ पुढे २०१८ मध्ये चीनला आणि २०२० मध्ये भारतात पोचला, तरी हा भाग तसाच राहिला. त्यामुळे तिथे १०० टक्के साम्यावरून जीनोटाइप कळतो, तो कुठून कसा आला ती वाट कळत नाही. वाट शोधायची तर आय-७३-आर आणि आय-३२९-एल या जनुकांमधल्या जागेत दहा अक्षरांची पुनरावृत्ती किती वेळा आहे ते मोजतात, आणि तेवढ्याने भागत नसेल तर पूर्ण जीनोम.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेकडून नुसता टक्का घेऊ नका. अक्षरांची फास्टा फाइल मागून घ्या आणि फाइलच्या नावात फार्म, शेड, डुकराचं वय आणि नमुना घेतल्याची तारीख घाला. अहवालाची तारीख नको. सार्वजनिक डेटाबेसमध्ये तुलना शोधतानाही नमुना गोळा केल्याचं वर्षच बघा, कारण २०१२ चा नमुना २०१९ मध्ये जमा झालेला असू शकतो आणि सात वर्षांच्या चुकीने वर केलेला सगळा हिशेब कोसळतो.