तुम्ही विचारलंत म्हणून: पातेरा का जाळत नाही

शिमगा झाला की आमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण विचारतो, "पातेरा अजून जाळला नाहीत?" पातेरा म्हणजे झाडांखाली साठलेली वाळकी पानं. वाडीतली माणसं विचारतात, मे महिन्यात मुंबईहून येणारे विचारतात, काजू वेचायला येणाऱ्या बायकाही विचारतात. उत्तरासाठी थांबणारे थोडे. बाकीच्यांनी आळस हे कारण मनाशी धरलेलंच असतं. म्हणून एकदा सगळं सांगते.

आळस नाही. पातेरा गोळा करून काडी लावायला दोन सकाळी पुरतात. तो राखायचा तर वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

लग्न होऊन देवरुखच्या या बाजूला आले तेव्हा सासूबाईंबरोबर मीही झाडायची. भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, लागेल तेवढा पातेरा बाजूला काढायचा आणि उरलेल्याला काडी लावायची. जमीन तळहातासारखी स्वच्छ दिसायची आणि मला ते आवडायचं, हे नाकारत नाही. पण पहिल्या जोराच्या पावसात त्याच स्वच्छ जमिनीवरून तांबडं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरताना दिसायचं. इथे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यावर माती असते ती वीतभर. ती वाहून गेली तर कलमांना पुढे कितीही शेणखत घाला, मुळं धरणार कशाला? माझी सुरुवात मातीपासून झाली. पक्षी नंतर दिसायला लागले.

माघात ऐन आणि किंजळ पानं टाकायला लागतात. चैत्रापर्यंत पऱ्याच्या काठाला घोटाभर थर साठतो. सातभाई टोळीनं येऊन पान न् पान उलटतात. थंडीत रानधोबी येतो, शेपटी आडवी हलवत सावलीतून चालतो आणि थराच्या कडेकडेनं किडे टिपतो. वळवाचा पाऊस पडला की काजवे. काजव्याची अळी आधी ओल्या मातीत, पानांखाली वाढते आणि गोगलगायी खाते. काजवे बघायला लांबून गाड्या करून येणाऱ्यांनीच मला पातेऱ्याबद्दल विचारलं की मी फार चिडते. तुम्ही काजवे बघायला आलात, मग ते वाढतात कुठे हेही बघा!

आणि नवरंग. मृगाच्या आसपास पहाटे त्याची दोन सुरांची शीळ येते. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून तो विणीसाठी इकडे येतो. जमिनीवर उड्या मारत, पानं उडवत किडे आणि गांडुळं शोधतो. काटक्या-पानांचं गोल घरटं जमिनीवर किंवा बुटक्या फांदीत करतो. झाडलेल्या, जाळलेल्या कलमांखाली मी त्याला एकदाही चरताना पाहिलेलं नाही.

फुरसं असतं का? असतं. या जिल्ह्यात राहून नाही कसं म्हणू? मला ते जास्त दिसलंय सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, दगडाखाली, पण पातेऱ्यातही दिसलंय. काठीनं चाळवल्याशिवाय मी हात घालत नाही आणि गमबूट घातल्याशिवाय आत जात नाही. नातवंडांना तर मी पऱ्याकडे सोडतच नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं, पण त्यासाठी दवाखान्यापर्यंत वेळेत पोचावं लागतं. तुमची भीती खोटी नाही.

आता त्या वणव्याचं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना खरं तर तेच विचारायचं असतं.

चैत्रातली दुपार होती. सड्यावरच्या वाळल्या गवतात आग लागली होती. कुणी लावली ते कळलं नाही. वारा पश्चिमेचा, म्हणजे सरळ आमच्या अंगावर. आम्ही ऐनाच्या डहाळ्या तोडून झोडपायला धावलो, वाडीतले सगळे आले. गवतातली आग भरभर येते, पण झोडपली की विझते. पातेऱ्यातली विझत नाही. वरून विझल्यासारखी वाटते, थराच्या खाली धुमसत राहते आणि चार हात पुढे पुन्हा वर येते. आम्ही एका बाजूला झोडपत होतो आणि ती आमच्या पाठीमागून गडग्यापर्यंत पोचली. गडग्यावरून शेजारच्या भाऊजींच्या काजूत गेली. काजूच्या बियांच्या टरफलात तेल असतं. त्या तडतडून फुटत होत्या आणि फुटतील तिथे नवी आग. हंगाम ऐन भरात होता.

अंधार पडला तेव्हा आमची वरच्या बांधाची कलमं होरपळली होती आणि भाऊजींची काजू गेली होती. त्यांच्या पलीकडची बाग, जिथला पातेरा फाल्गुनातच जाळला होता, ती वाचली. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगते. लपवून मला काही मिळवायचं नाही.

किंजळीखाली रातव्यानं नुसत्या पानांवर दोन अंडी घातली होती. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी भोवती तीन दगड मांडले होते. दुसऱ्या दिवशी राखेत दगड सापडले.

भाऊजी भांडले नाहीत. गडग्यापाशी उभे राहून एवढंच म्हणाले, "वहिनी, माझ्या काजी तुमच्या पातेऱ्यानं नेल्या." मी म्हटलं, आग सड्यावरून आली. ते म्हणाले, "आली सड्यावरून. पोचली कशावरून?"

त्या रात्री मी घरात सांगून टाकलं की उरलेला सगळा पातेरा झाडायचा. तेव्हाची मी आजच्या मला अजूनही विचारते: एका पक्ष्यासाठी शेजाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न पणाला लावायचा हक्क तुला कुणी दिला? मी तिला सांगते, सड्याला आग लावणाऱ्याला हा प्रश्न कुणी का विचारत नाही? दरवर्षी कोकणात बागा जळतात, त्यातल्या कितीतरी झाडूनपुसून लख्ख असतात. तिचं समाधान होत नाही. माझंही पूर्ण होत नाही.

झाडायचं ठरलं होतं ते राहिलं, कारण पऱ्याकडचा ओला पट्टा जळला नव्हता आणि मृगात नवरंग तिथेच आला. जळलेल्या बाजूला पहिल्या पावसात राख आणि माती दोन्ही वाहून गेली.

आता सड्याच्या बाजूनं दहा हात रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढते, माघ संपायच्या आत. तिथला पातेरा ओढून कलमांच्या आळ्यात घालते आणि वर माती टाकते. भाऊजींना काजूच्या वेंगुर्ला-4 जातीची कलमं आणून दिली. त्यांनी ती लावली, जगलीही आहेत. पण परवाच म्हणाले, "कलमं चांगली आहेत वहिनी, पण चैत्रात तुमचा पातेरा बघितला की मला झोप येत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नाही. यंदा त्यांच्या गडग्यालगतही दहा हात झाडणार आहे. पऱ्याकडचा पातेरा मात्र राहील.