दोन रुपयांवर पाचशे टक्के

एप्रिलच्या चार तारखेला माझ्याकडं गर्दी असते ती पीपीएफवाल्यांची, म्हणजे सरकारच्या पंधरा वर्षांच्या बचत खात्यात पैसे भरणाऱ्यांची. पाच तारखेपर्यंत पैसे पडले तर त्या महिन्याचं व्याज धरतात. दीड लाख एकदम भरणाऱ्याची ती तारीख हुकली की ७.१ टक्क्यांनी ८८७ रुपये गेले. हे मीच वर्षानुवर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडत आलोय, त्यामुळं आता तेच मला पळवतात. मला यात दमडी मिळत नाही. पीपीएफवरचं एजंटांचं कमिशन २०११च्या डिसेंबरातच बंद झालं. सोलापूरच्या कन्ना चौकातला माझा गाळा म्हणजे म्युच्युअल फंडांचं वितरण, रिटर्न भरणं आणि लोकांचे पासवर्ड त्यांच्यापेक्षा जास्त लक्षात ठेवणं.

दुपारी दीडच्या उन्हात ती आली. कुंभारीच्या विडी घरकुलातून, बसनं. वय चोवीस. एका टॉवेलच्या व्यापाऱ्याकडं हिशेब लिहिते, पगार अठरा हजार. तिथं माणसं नऊच, वीसच्या आत, म्हणून पीएफ कापत नाहीत. दोन वर्षांत साठ हजार साठवलेले.

"काका, मला डिव्हिडंड देणारे शेअर घ्यायचेत. पीपीएफ नको, एनपीएस तर नकोच नको."

डिव्हिडंड म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरवाल्यांना वाटते तो पैसा, आणि एनपीएस म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनची सरकारी योजना. मोबाईलवर यादी तयार होती. कुठल्या तरी व्हिडिओतून उतरवलेली. पहिल्याच कंपनीपुढं '५०० टक्के डिव्हिडंड'.

आता ही माझ्या आवडीची जागा. आलेल्या लग्नपत्रिकेचा लिफाफा उलटा केला आणि मांडलं. हे पाचशे टक्के बाजारभावावर नसतात, दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवर असतात. या शेअरची दर्शनी किंमत दोन रुपये, म्हणजे डिव्हिडंड दहा रुपये. शेअर बाजारात नऊशेला. दहा भागिले नऊशे: शेकडा एक रुपया अकरा पैसे. ते दहासुद्धा वरचे नाहीत. एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही तो दिवस, आली की भाव साधारण तेवढा खाली येतो. नऊशेच्या शेअरमधले दहा तुझ्या हातावर ठेवले, की बाकी काही हललं नाही तर शेअर राहिला आठशेनव्वदचा. दुसऱ्या कंपनीपुढं नऊ टक्के यील्ड, म्हणजे भावाच्या मानानं डिव्हिडंड, असं लिहिलेलं. खोदून पाहिलं, तर जमीन विकून एकदाच वाटलेला पैसा त्यात धरलेला. पुढच्या वर्षी विकायला जमीन कुठली?

तिनं लिफाफा स्वतःकडं ओढला आणि भागाकार पुन्हा करून पाहिला. हिशेब लिहिणारी पोरगी. मला बरं वाटलं, म्हणून मी आणखी सुटलो. २०२० साली एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं नुकत्याच मार्चअखेर संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून डिव्हिडंड वाटू नका असं बँकांना सांगितलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांचं काय झालं ते सांगितलं. त्यांची औषधं बँकेच्या शेअरांवर चालायची. मग तिचे साठ हजार घेतले. अगदी तीन टक्के धरले तरी वर्षाला अठराशे, महिन्याला दीडशे. मोबाईलचं रिचार्जसुद्धा भागत नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची होती आणि ती मी लपवली नाही. तिला कर बसतच नाही. त्यामुळं 'पीपीएफनं कर वाचतो' हे तिच्यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि डिव्हिडंडवरचा करही शून्य. आमच्या धंद्यातले निम्मे लोक मार्चमध्ये अशाच पोरापोरींना 'कर वाचेल, पेन्शन मिळेल' म्हणत एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी गळ्यात मारतात. वाचायला कर असावा तर लागतो.

मग पीपीएफ. तिसऱ्या वर्षापासून कर्ज, सातव्या वर्षापासून थोडे काढता येतात, पंधरा वर्षांनी सगळे. आणि या गावात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: कोर्टाच्या हुकमानं या खात्याला टाच आणता येत नाही. पतसंस्थेत कुणाला तरी जामीन राहून घर गमावलेली माणसं याच खुर्चीत बसून गेलीत. एनपीएसमध्ये पैसे बरीच वर्षं अडकतात, शिवाय शेवटी एरवी एक हिस्सा अ‍ॅन्युइटीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, घालावा लागतो. ते मीच बाजूला ठेवलं.

चाळीस मिनिटं झाली असतील. बाहेर दोघं ताटकळत होते.

ती म्हणाली, "पंधरा वर्षांनी देतीलच ना पण?"

"सरकारी आहे गं. देणारच."

"अम्माचं पण सरकारीच होतं की ओ काका."

आणि पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली.

तिच्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. हजार विड्यांच्या मजुरीतून पीएफ कापला जायचा. अठ्ठावन्न पूर्ण झाली, अर्ज केला, आणि अडकलं. कारखान्याच्या रजिस्टरात माहेरचं नाव, त्यातही तेलुगू पद्धतीनं घराण्याचं नाव आधी आणि स्वतःचं मागून. आधारवर सासरचं नाव. एकीकडं जन्मतारीख एक जानेवारी, दुसरीकडं नुसतं साल, तेही दोन वर्षांनी वेगळं. दुरुस्तीला कामगार आणि मालक दोघांचं संयुक्त घोषणापत्र मागितलं, त्यावर मालकाची सही. तो कारखाना केव्हाच बंद झालेला. दीड वर्ष झालं. पीएफ तर राहिलाच, महिना हजार रुपयांची पेन्शनही सुरू नाही.

"अम्मा घरात विचारती, माझे पैसे माझेच हायत हे कुणाकुणाला पटवायचं? डिव्हिडंड खात्यात आपोआप पडतो म्हणून मला तेच पायजे होतं. जास्त मिळतंय म्हणून नाही."

मी लिफाफ्याकडं बघत बसलो. पहिलाच प्रश्न 'पीपीएफ का नको?' हा विचारायचा होता. बावीस वर्षं या खुर्चीत काढून मी दर्शनी किंमत शिकवत बसलो.

तिच्या आईचे कागद ठेवून घेतले, त्यावर काम चालू आहे. एवढंच म्हणू शकतो. तिनं त्या दिवशी पीपीएफचं खातं मात्र उघडलं, पाचशे रुपये टाकून, नुसती वर्षं मोजायला लागावीत म्हणून. अर्जातलं स्वतःचं नाव आधारशी चार वेळा ताडून पाहिलं, बोट ठेवून, एकेक अक्षर. वारसदाराच्या रकान्यात आईचं नाव लिहिताना थांबली आणि विचारलं, "कुठलं लिहू?"

बाकीचे पैसे बँकेत बचत खात्यावर पडून आहेत. हे मला रोज खुपतं. निदान एफडी तरी कर, असं दोनदा म्हणालो, तिनं ऐकून घेतलं. वर तो दोन रुपये दर्शनी किमतीचा शेअर तिनं फोनवरून घेतलाच. सात नग, सहा हजार तीनशेला. शेअर घे किंवा घेऊ नको सांगणं माझ्या कामात बसत नाही, म्हणून गप्प राहिलो. बसत असतं तरी काय बोललो असतो, ठरत नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा आली. सत्तर रुपये जमा झाल्याचा मेसेज दाखवला. रात्री आईला वाचून दाखवला होता म्हणे.

"काय म्हणाली?"

"विचारली, सही कुणाची लागली?"