लीड्समधलं पिठलं आणि ३२ अंश

गड्ड्याच्या जत्रेतून आम्ही घरी आलो, चपला काढतोय तोवर भाचीचा व्हिडिओ कॉल. ती इंग्लंडात लीड्सला शिकते.

"मामा, तुमचं टेंपरेचरचंच काम ना? माझी पाल जेवेना झालीय."

मागून आमची ही म्हणाली, "पाल? झाडूनं पाली हाकलण्यात माझा जन्म गेला, आणि ही तिकडं पैसे मोजून पाळतीय होय!"

पाल म्हणजे लेपर्ड गेको. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके. मोहरीची फोडणी वर घातलेल्या पिठल्यासारखी दिसते म्हणून तिचं नावच पिठलं. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी ही काचेवर चढत नाही, आणि हिला चक्क पापण्या असतात. डोळे मिटून झोपलेली पाल मी पहिल्यांदा बघितली ती फोनवर.

माझं काम सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. टॉवेल रंगवायच्या डाइंग युनिटांचे कंट्रोलर, म्हणजे ठरलेलं तापमान राखणारे डबे, दुरुस्त करतो. पालींमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण हीटर कळतो. म्हटलं, "आधी कंट्रोलर दाखव."

पालीच्या काचेच्या टाकीच्या एका टोकाला खाली हीट मॅट, विजेवर तापणारी चटई. कंट्रोलरवर सेटिंग ३२, प्रत्यक्ष आकडा १९, आणि हीटिंगचा दिवा लागलेला. म्हटलं, "गरम बाजूच्या फरशीवर तळहात टेक." टेकवला आणि झटक्यात मागं घेतला. तिच्याकडं तापमान मोजायची गन होती, तिनं मारून बघितलं तर ४६.

मला लगेच आमच्या एका युनिटातली रात्र आठवली. बाथ, म्हणजे रंगाचं पाणी, ६० अंशांवर ठेवायचा होता. तापमान मोजणारा सेन्सर त्याच्या खोबणीतून निसटून बाहेर हवेत लोंबत होता. कंट्रोलर बिचारा इमानदार. त्याला हवा लागत होती, म्हणजे त्याच्या लेखी बाथ गार, म्हणून स्टीमचा व्हॉल्व्ह उघडाच. सकाळी बघतोय तर बाथ उकळतोय, रंगाची छटा गेली, सुताची वाट लागली. मालकानं दोष कंट्रोलरला दिला. कंट्रोलरला सेन्सरच्या टोकाशी काय चाललंय तेवढंच कळतं हो, टाकीत काय चाललंय ते त्याला कोण सांगणार?

इथंही तेच. रविवारी टाकी साफ करताना सेन्सरची वायर ओढली गेली आणि टोक गार बाजूला जाऊन पडलं. मॅट तीन दिवस न थांबता तापत होती. त्यात ही सकाळी कॉलेजला जाताना खोलीचं हीटिंग बंद करून जाते, गॅस महाग. म्हणजे टाकीचं एक टोक तव्यासारखं आणि दुसरं १६-१७ अंशांवर. पालीनं बसायचं कुठं? गार बाजूला अंग आखडून बसली. या जातीला अंगात ऊब नसली की खाल्लेलं पचत नाही, मग खाणंच सुटतं. शेपटीत साठवलेल्या चरबीवर दिवस काढते.

पोटावर दोन तांबूस डागही होते. जाग्यावरून उठायचं भान तिला प्रत्येक वेळी राहत नाही, पोट भाजलं तरी बसून राहते. म्हटलं, "बाकी सगळं नंतर. आधी मॅट बंद कर, खोली गरम कर आणि उद्या हिला डॉक्टरकडं ने." नेलं. मलम मिळालं, डाग वरवरचे निघाले.

मग बसून नीट मांडणी केली. पालीला पोटाखालची ऊब का लागते हे मला गच्चीमुळं कळलं. मे महिन्यात आपण रात्री दहाला गच्चीवर गादी टाकतो, वारा गार असतो पण स्लॅब खालून धग सोडत असतो. ही जात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि त्याला लागून असलेल्या वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातली. दिवेलागणीला बाहेर पडते तेव्हा दगड अजून तापलेलेच असतात. (आपल्या महाराष्ट्रातही हिची एक चुलत जात राहते. लोक विषारी समजून तिला मारतात. विष नसतं तिला.)

सेन्सर आता मॅट आणि टाकीची काच यांच्या मधे, बाहेरून, चिकटपट्टीनं पक्का बसवलाय. आत ठेवला की पाल तुडवते, पाणी सांडतं, साफसफाईत हलतो. यात एक गोम आहे: सेन्सर मॅटला चिकटलेला, म्हणून कंट्रोलरवरचा आकडा आणि आतल्या फरशीचा आकडा जुळत नाही. जुळवायला जाऊही नये. तिला म्हटलं, गन आत मार, उबदार बिळातली फरशी ३२ दाखवेपर्यंत सेटिंग एकेक अंशानं हलव, दर वेळी तासभर थांब. कंट्रोलर ३६ वर येऊन ठरला. गन चकचकीत टाइलवर फसवते, म्हणून तिथं कागदी टेपचा तुकडा लावून त्यावर मारायची.

टाकीत मॅटच्या वरच्या भागात आधी वाळूचा जाड थर होता, तो काढायला लावला. थरानं धग खालीच कोंडते, वरून मोजलं तर गार लागतं आणि पालीनं उकरलं की पोट थेट तापल्या काचेवर. आता पातळ टाइल आहे. टाकीला खालून रबरी पायही दिले, मॅटखाली हवा खेळायला. मॅट टाकीच्या फक्त एक तृतीयांश भागाखाली, गार बाजू २४-२५. रात्री २० पर्यंत उतरलं तरी हिला चालतं.

एवढं करूनही माझं समाधान होईना. कंट्रोलरमधला रिले, म्हणजे मॅट चालू-बंद करणारा स्विच, त्याचे कॉन्टॅक्ट कधीतरी चिकटतात, मग सेन्सर जागेवर असला तरी मॅट बंदच होत नाही. हे मी हातानं उघडून पाहिलेलं आहे, एकदा नाही, शंभरदा. म्हणून जास्त वॅटची मॅट परत करून लहान घ्यायला लावली, आणि मॅट व कंट्रोलरच्या मधे फार तापलं की वीज तोडणारा वेगळा कटऑफ टाकला. "मामा, पालीसाठी एवढं?" म्हणाली. अगं, लाकडी फ्लोअरिंगची भाड्याची खोली आहे, पाल राहू दे बाजूला. एक्स्टेन्शन बोर्डही टाकीखालून उचलून भिंतीला लावला. कात टाकायच्या ओलसर डबीवर ती पाण्याचा फवारा मारते, ते पाणी वायरीवरून ओघळून थेट बोर्डात गेलं असतं.

नवव्या दिवशी पिठल्यानं एक अळी खाल्ली.

आता एप्रिल आहे. आमच्याकडं ४२, कूलरमधलं पाणीसुद्धा कोमट. काल तिनं कंट्रोलरचा फोटो पाठवला, ३६. आमच्या हिनं चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "आपल्या हॉलपेक्षा गार आहे की. मलाच पाठवा तिकडं."