कोल्हापूरला नाटक-गाण्यासाठी जायचं असेल तर

अंबाबाईचं दर्शन, मिसळ, तांबडा-पांढरा आणि वेळ उरला तर पन्हाळा, एवढ्यात बहुतेकांचं कोल्हापूर आटोपतं. आम्ही या खेपेला उलटं केलं. आधी संध्याकाळी धरल्या, एक गाण्याची आणि एक नाटकाची, आणि बाकीचं त्याभोवती बसवलं. तुम्हीही असंच करा, असं अगदी मनापासून सांगते. या गावाला नाटक-गाण्याचा कान आहे आणि तो दिवसाउजेडी फिरून कळत नाही.

सुरुवात खासबागेतून करा. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह शेजारी शेजारी बांधलं. 1915 मध्ये पुरं झालेलं ते पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, या थोर गायक-नटाची, जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारे कलाकार आणि रसिक टीव्हीवर पाहिले होते, त्यामुळे समोर गेल्यावर आधी तेच आठवलं. जागा जुनी तशीच उभी करायची म्हणून पुनर्बांधणी हाती घेतली गेली. पण आगीनंतर कार्यक्रम वेगवेगळ्या सभागृहांत विखुरले, म्हणून जुन्या सवयीने थेट खासबागेत जाऊन उभे राहू नका. पत्रिकेवरचं ठिकाण नीट वाचा आणि आदल्या दिवशी आयोजकांना फोन करून खात्री करून घ्या.

आमचं गाणं मात्र खासबागेतच होतं, नाट्यगृहाच्या शेजारच्या गायन समाज देवल क्लबात. 1883 पासूनची ही संस्था. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी दरबारगायक होते आणि त्यांच्या घराण्याची, जयपूर-अत्रौली गायकी या गावात मुरली ती तेव्हापासून. इथल्या सभागृहाला संगीतकार गोविंदराव टेंबे यांचं नाव आहे. सभागृह आटोपशीर असल्यामुळे मागच्या रांगेतही तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, ऐकू येते, आणि हे सुख मोठ्या हॉलमध्ये मिळत नाही.

गायिका तरुण होती. राग बिहागडा घेतला. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसले होते. जयपूरची तान लयीला धरून, गोल गोल वळत, आकारात चालते. कुठे संपणार याचा अंदाजच लागत नाही. तालाच्या एका आवर्तनात ती इतकी लांबली की आजोबांचं बोट हवेत थांबलं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ती नेमकी आली आणि सगळ्या रांगेतून एकदम ‘वा’ निघाली. शेवटी तिने ‘मानापमाना’तलं एक पद म्हटलं. त्या नाटकाचं संगीत टेंब्यांचंच, आणि 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त केशवराव आणि बालगंधर्व एकत्र उभे राहिले होते. टेंब्यांच्या नावाच्या सभागृहात, केशवरावांच्या नाट्यगृहाला लागून ते पद ऐकताना अंगावर काटा आला.

नाटक शाहू स्मारक भवनात, दसरा चौकात. खासबागेपासून चालत वीसेक मिनिटं, नाहीतर रिक्षा. हौशी मंडळींचं होतं. व्यावसायिक नाटकांचे दौरे येतातच आणि त्यांना गर्दीही होते, पण ते प्रयोग तुम्हाला तुमच्या गावातही बघायला मिळतील. इथे येऊन बघायचं ते स्थानिक मंडळांचं काम. दिवसभर नोकरी, रात्री तालीम, असं करून उभं केलेलं नाटक. संहिता दुसऱ्या अंकात थोडी सैल पडली, प्रकाशयोजना मात्र फार विचारपूर्वक केलेली होती. पडदा पडल्यावर आम्ही कलाकारांना भेटायला आत गेलो, तर आईची भूमिका केलेली बाई अजून नऊवारीतच होती आणि पलंगाचं एक टोक धरून तो टेम्पोकडे नेत होती. “ताई, जरा बाजूला हं,” म्हणाली आणि परत येऊन निवांत बोलली.

अशा प्रयोगांना ओळखीने पास मागू नका, तिकीट काढून जा. तिकीट स्वस्त असतं आणि त्या पैशातूनच पुढचं नेपथ्य उभं राहतं. सगळ्या कार्यक्रमांची तिकिटं ऑनलाइन मिळतीलच असं नाही. स्थानिक वर्तमानपत्राचं ‘आजचे कार्यक्रम’ सदर आणि सभागृहाबाहेरचे फलक यांवर जास्त भरवसा ठेवा. क्लबातले कितीतरी कार्यक्रम सर्वांना खुले असतात, फक्त वेळेवर पोचायला हवं.

येत्या हंगामासाठी बेत आखत असाल तर दिवाळी पहाटेच्या मैफली, 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आणि साधारण त्यानंतर सुरू होणारी राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, हा काळ धरा. स्पर्धेत रोज नवं नाटक असतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही गाणं-बजावणं चालतं, पण तेव्हा गर्दी अफाट असते आणि लॉज महिनाभर आधी ठरवावा लागतो.

जेवणाचं गणित आधी जमवा. तांबडा-पांढरा पोटभर हाणून संथ लयीतला विलंबित ख्याल ऐकायला बसलात तर पहिल्या आवर्तनातच डोळे मिटतील. कार्यक्रमाआधी खासबागेतली भेळ पुरे. रात्री कार्यक्रम सुटल्यावर हॉटेलं बंद व्हायला लागलेली असतात, म्हणून जेवणाची सोय लॉजवर सांगून ठेवा.

गाडी घेऊन येत असाल तर देवळाच्या बाजूला घुसू नका. बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि तिथून चालत खासबाग गाठा. पुण्याहून अंतर साधारण 230 किलोमीटर, पण महामार्गाच्या रुंदीकरणामुळे कुठे अडकाल सांगता येत नाही. दुपारीच पोचण्याच्या बेताने निघा. मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं: परतीची महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री नऊच्या सुमारास सुटते. त्या दिवशी संध्याकाळचा कार्यक्रम पकडलात तर शेवटची भैरवी हुकलीच म्हणून समजा. रात्री मुक्काम करा आणि सकाळची कोयना एक्सप्रेस धरा.