साखळबंद ग्रंथालय १:१२, नोंद तिसरी: ८२ पैकी ३४ साखळ्या

इंग्लंडमधल्या ग्रँथमच्या सेंट वुल्फ्रम चर्चमध्ये दक्षिण देवडीवर एक खोली आहे. तिचीच ही १:१२, म्हणजे बारापट लहान, प्रतिकृती. जवळच्या वेलबर्नचे रेक्टर (तिथल्या चर्चचे प्रमुख पाद्री) फ्रान्सिस ट्रिग यांनी १५९८ मध्ये तिथे ग्रंथालय उभं केलं, पाद्र्यांसाठी आणि गावकऱ्यांसाठीही. १६०४ मध्ये सामायिक रानांना कुंपणं घालण्याविरुद्ध लिहिणारा हा माणूस १६०६ मध्ये वारला. त्याचं खरं स्मारक ही खोलीच. साडेतीनशेच्या वर पुस्तकं उरली आहेत, त्यांतल्या ८२ ना अजून साखळ्या आहेत.

साखळी कण्याला नसते, पानं उघडतात त्या कडेला असते. म्हणून पुस्तकं कणा भिंतीकडे करून ठेवतात. काढताना ना फिरवावं लागतं, ना साखळी गुंतते. बऱ्याच प्रतिकृतींत नेमकं हेच उलटं दिसतं.

३६ सेंमीचं पुस्तक प्रतिकृतीत ३० मिमी होतं. पुठ्ठा ०.५ मिमी. तांब्याच्या ०.१ मिमी पत्र्याची १.५ × ६ मिमी पट्टी दुमडून, घडीत कडी अडकवून, वरच्या पुठ्ठ्याच्या कडेवर चिमटायची. हे काम आवरण चढवण्याआधीच करावं. नंतर चिमटलं की दुमडीवर कागद फाटतो. पांढरा गोंद धातूला धरत नाही, इपॉक्सी लागतं. ते पानांत झिरपलं की पुस्तक कायमचं मिटतं (दोन गेली), म्हणून पुठ्ठ्याखाली बटर पेपर.

साखळीही तांब्याचीच. लिव्हर ऑफ सल्फरच्या (धातू काळा करणारं गंधकयुक्त रसायन) द्रावणात तांबं छान काळं पडतं, पितळ नीट पडत नाही. रंग लावला तर कड्या जाम होतात आणि साखळी काडीसारखी ताठ उभी राहते. लांबी ठरवताना पुस्तक मेजावर उघडून मापावं, वर दोन कड्यांची सूट ठेवावी.

गज आणि कुलपाची रचना इंग्लंडमधल्याच हेरफर्ड कॅथीड्रलच्या साखळबंद ग्रंथालयाच्या धर्तीवर घेतली आहे: १ मिमी गज, टोकाला कुलूप. शेवटची कडी गजात ओवायची ती पुस्तकांच्याच क्रमाने. मधलं एक सुटलं तर गज तिथपर्यंत ओढून पुढच्या सगळ्या कड्या पुन्हा ओवाव्या लागतात. त्यामुळे आता प्रत्येक साखळीला दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधली आहे. गज बसला की दोरा कापायचा.

उरल्या ४८.