मागच्या काचेतला तो पट्टा

आज ओहायोत डेटनच्या बाहेर एका शेतातल्या जुन्या खळ्यात १९६३ ची कॉर्व्हेट स्टिंग रे, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार बघितली, स्प्लिट विंडो, आणि अजून हात थरथरतायत.

मागची काच दोन भागात, मधे बॉडीचा पट्टा, हे फक्त त्या एकाच वर्षी होतं. कूपे, म्हणजे बंद छताच्या, बनल्या १०,५९४, सगळ्या सेंट लुईसच्या कारखान्यात. डिझाइनचे प्रमुख बिल मिचेल त्या पट्ट्यावर ठाम, इंजिनियर झोरा आर्कस-डंटोव्हला तो नकोच कारण मागचं दिसत नाही, आणि ६४ ला तो गेलाच. नंतर कित्येक मालकांनी पट्टा कापून ६४ ची अखंड काच बसवली, तोच पट्टा पुढे मोलाचा ठरेल याची तेव्हा कोणाला कल्पना होती! म्हणून आधी पट्ट्यालाच हात लावून बघितला, ओरिजिनल आहे.

बॉडी फायबरग्लासची त्यामुळे वरून गंज दिसतच नाही, पण आत स्टीलचा सांगाडा असतो, बर्डकेज म्हणतात त्याला, खरा रोग तिथे. टॉर्च घेऊन पायापाशी झोपलो तर दाराच्या बिजागरीजवळचा खांब बोटाने भुसभुशीत लागला. वाईट वाटलं, पण होईल, कापून नवं स्टील वेल्ड करता येतं, फक्त घाई करायची नाही. इंजिन ३२७ घन इंचाचं व्ही-८, ब्लॉकवरचे आकडे ग्लोव्हबॉक्सखालच्या गाडीच्या नंबरपट्टीशी जुळले, म्हणजे इंजिन मूळचंच, तेव्हा मालक आजोबांचेच डोळे भरले, म्हणाले बायकोला पहिल्यांदा याच गाडीतून फिरायला नेलं होतं.

पुढच्या शनिवारी ट्रेलर घेऊन जातोय. रंग तोच ठेवणार, आजोबांना शब्द दिलाय.